उपवनच्या कट्ट्यावर डोपामाइन

आज सकाळी उपवन तलावावर शेजारचे काका भेटले. अँजिओप्लास्टी झाल्यापासून ते हृदयाची एकही बातमी सोडत नाहीत. डोपामाइनपासून शरीरात बनणाऱ्या एका घटकाचा कोरोनरी हृदयरोगाशी (हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याशी) संबंध जोडणारं संशोधन त्यांच्या वाचनात आलं होतं. "म्हणजे आनंदाचं रसायनच माझ्या रक्तवाहिन्या बुजवतंय का गं?" चेहरा पार उतरलेला.

मी बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे तिथेच कट्ट्यावर बैठक जमली. डोपामाइनचं काम झालं की एमएओ आणि सीओएमटी ही एन्झाइम्स त्याचं विघटन करतात. शेवटी उरतं ते होमोव्हॅनिलिक ॲसिड, म्हणजे बातमीतला तो घटक; ते लघवीवाटे बाहेर पडतं. आणि डोपामाइन काही फक्त मेंदूत बनत नाही, आतडी आणि मूत्रपिंडंही ते बनवतात. मग रक्तातल्या या ॲसिडवरून मनाच्या आनंदाचा हिशोब कसा लावणार? शिवाय मूत्रपिंडं थकली की ते रक्तात साठतं, आणि अशा रुग्णांना हृदयरोगाचा धोका मुळातच जास्त. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही.

असं संशोधन व्हायलाच हवं. पण अर्धवट बातमीचा मला मनापासून राग येतो. काकांनी खिशातून स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांची, स्ट्रिप काढली, गोळ्या जागच्या जागी. "कारण वेगळंच निघालं तर ही कशाला, म्हणून थांबवली."

एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर, तंबाखू ही कारणं आजही तशीच आहेत, काका! तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी आज रात्रीपासून पुन्हा सुरू.