माजिवडा ते वडपे: रुंद होणारा रस्ता खचतो कुठे?

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तेव्हापासून नागपूरहून ७०१ किलोमीटर मोकळ्या रस्त्याने आलेली वाहनं भिवंडी तालुक्यात जुन्या मुंबई–नाशिक महामार्गावर उतरतात. तिथून ठाण्यापर्यंत त्यांच्यासोबत सोनाळे, येवई, मानकोलीच्या गोदामांचे ट्रक असतात. खारेगावाशी जेएनपीटी बंदरातून शिळफाटा आणि मुंब्रा बायपासमार्गे आलेले कंटेनरही मिसळतात. ठाण्यातला माजिवडा ते भिवंडीजवळचं वडपे हा जेमतेम २४ किलोमीटरचा चौपदरी पट्टा. तो आठपदरी करायचा, शिवाय दोन्ही बाजूंना दोनपदरी सेवा रस्ते, आणि हे सगळं वाहतूक चालू ठेवून.

अशा कामात लोकांचं लक्ष डांबर की काँक्रीट यावर असतं. दुखणं बहुतेक वेळा जुना भराव आणि नवा भराव जिथे भेटतात तिथे असतं. जुना भराव वर्षानुवर्षं अवजड गाड्यांखाली दबून बसलेला असतो. नव्याला बसायला अजून वेळ असतो. म्हणून जुन्या उताराला माती नुसती लोटून चालत नाही. आधी गवत, मुळं, भुसभुशीत थर काढायचा. मग उतारात किमान ३०० मिलिमीटर रुंदीच्या पायऱ्या कापायच्या आणि त्यांवर नवा भराव साधारण २०० मिलिमीटरच्या थरांनी चढवत न्यायचा. प्रत्येक थराला योग्य ओलावा देऊन रोलर फिरवायचा. प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या तुलनेत भरावाला ९५ टक्के आणि वरच्या ५०० मिलिमीटरला ९७ टक्के दबाई लागते.

घोटाळा होतो तो पट्टी अरुंद असते तेव्हा. रोलरचं चाक सुमारे दोन मीटर रुंद, आणि वाढवायची जागा मीटर-दीड मीटर. तिथे जुना भराव आत कापून रोलरपुरती रुंदी काढावी लागते. ते काम कंटाळवाणं आणि खर्चिक, त्यामुळे डंपर रिकामा करून जेसीबीच्या बकेटने थोपटणं हाच ‘उपाय’ होतो. पहिल्या पावसाळ्यानंतर रस्त्याला समांतर लांबलचक भेग दिसली, की खाली काय झालं ते ओळखावं. वरून डांबर ओतून ती भेग बुजत नाही.

खारेगाव, साकेतच्या बाजूला खाडीची मऊ चिखलमाती आहे. तिच्यावर वजन आलं की पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन बसत राहते. घाई असेल तर जमिनीत उभ्या निचरापट्ट्या सोडून वर जादा भराव काही महिने ठेवतात, म्हणजे बसायचं ते आधीच बसतं. पूल मात्र खडकापर्यंत गेलेल्या पायावर उभा असतो, तो हलत नाही. पूल जागेवर, जोडरस्ता खाली, म्हणून पुलावर चढताना तो ओळखीचा दणका. त्यासाठीच पुलाच्या टोकाला किमान साडेतीन मीटरचा काँक्रीटचा जोडस्लॅब असतो. पुलाच्या टोकाच्या भिंतीमागे मुरूम-माती न टाकता पाणी झिरपू देणारी खडी-वाळू भरायची असते. भिंतीतली निचऱ्याची भोकं बुजली की मागचा भराव फुगतो आणि वाहूनही जातो.

काँक्रीटचं तुलनेने सरळ आहे: खाली १५० मिलिमीटर कोरडं काँक्रीट, त्यावर प्लास्टिकचा कागद, मग ३०० मिलिमीटरच्या आसपास जाडीचा मुख्य थर. आडव्या सांध्यांची कापणी काही तासांतच हवी, उशीर झाला की तडा स्वतःची वाट शोधतो. पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात. एका लेनवर आठवडेच्या आठवडे बॅरिकेड दिसतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या मोऱ्यांकडे कुणी बघत नाही. रस्ता रुंद झाला की जुनी मोरी दोन्ही बाजूंना वाढवावी लागते. नव्या पाइपाचा तळ जुन्यापेक्षा बोटभर जरी वर बसला, तरी पाणी मागे तुंबतं. पूर्वी ते भातखाचरांत पसरायचं. आता खाचरांवर भराव टाकून गोदामं उभी आहेत, त्यामुळे ते रस्त्याच्या पोटात शिरतं. पाण्याने भिजलेल्या थरावर कंटेनर गेला की खड्डा पडतो. भर पावसात त्यात कोल्ड मिक्स (गरम न करता भरायचं डांबरी मिश्रण) किंवा पेव्हर ब्लॉक टाकतात. पक्कं काम म्हणजे खड्डा चौकोनी, उभ्या कडांनी कापायचा, घट्ट थरापर्यंत साफ करायचा, कडांना डांबराचा हात द्यायचा, गरम मिश्रण भरून कडेकडून मध्याकडे दाबायचं. यासाठी कोरडा खड्डा लागतो, आणि जुलैत तो इथे मिळत नाही.

कामाचा क्रम खरं तर ठरलेला असावा: आधी गटार आणि सेवा रस्ता, मग वाहतूक तिकडे वळवून मुख्य रस्ता. प्रत्यक्षात सेवा रस्ता सलग मिळत नाही. कुठे जलवाहिनी हलवायची असते आणि तिला शटडाउन हवा असतो. कुठे खारफुटी असते, तिला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. कुठे जमिनीच्या एखाद्या गटाचं संपादन अडलेलं असतं. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात ३अ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा सांगणारी अधिसूचना निघाल्यावर हरकतींना २१ दिवस मिळतात, आणि वर्षभरात संपादन जाहीर करणारी ३ड निघाली नाही तर ३अ ची अधिसूचना रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोवर दोन्हीकडून तयार झालेला सेवा रस्ता त्या एका गटापाशी संपतो आणि ट्रक पुन्हा मुख्य रस्त्यावर घुसतात.