नुसती शेतं नव्हेत: गेटिसबर्गच्या रणभूमीवर रेंजरसोबत पायी

गेटिसबर्गला पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं: "अरे, ही तर नुसती शेतं आहेत!" तटबंदी नाही, बुरूज नाही, महादरवाजा नाही. किल्ले बघत वाढलेल्या मराठी डोळ्यांना इथे नेमकं पाहायचं काय, तेच आधी उमगत नाही. अमेरिकेतली उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं ज्यात एकमेकांशी लढली, त्या यादवी युद्धातली सगळ्यात रक्तरंजित लढाई १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत पेनसिल्व्हेनियातल्या या गावाभोवती झाली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक ठार, जखमी, कैद किंवा बेपत्ता झाले. आज तिथे गवत, गहू, कुंपणं आणि तेराशेहून जास्त स्मारकं आहेत.

बहुतेक पर्यटक गाडीनेच फिरतात. ३९ किलोमीटरचा रस्ता, १६ थांबे, प्रत्येक थांब्यावर एक फोटो. काचेतून बघितलं की सगळं रान सपाट दिसतं आणि लढाई काही कळत नाही. ती कळायला उतरून चालावं लागतं, आणि चालायचंच तर उन्हाळ्यात, रेंजरच्या मागोमाग.

राष्ट्रीय उद्यान सेवेचे रेंजर, म्हणजे रुंद चपट्या काठाची टोपी घातलेली मंडळी, साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोज कार्यक्रम घेतात. रणभूमीवर फिरायला तिकीट नाही आणि रेंजरचे हे कार्यक्रमही फुकट. पैसे पडतात ते म्युझियम, माहितीपट आणि सायक्लोरामाचे. सायक्लोरामा म्हणजे पॉल फिलिपोतो या फ्रेंच चित्रकाराचं गोल दालनात लावलेलं ३७७ फूट लांब आणि ४२ फूट उंच चित्र. ते आधी बघून घ्या. तिसऱ्या दिवशीचा हल्ला डोळ्यांत बसतो आणि मग रानात दिशा चुकत नाहीत.

कार्यक्रम तीन तऱ्हेचे. अर्ध्या-पाऊण तासाचं व्याख्यान एका जागी उभं राहून किंवा बसून ऐकायचं असतं, म्हणजे आईवडील बरोबर असतील तर हेच. तास-दीड तासाची फेरी सगळ्यांना झेपते. दोन-तीन तासांची मोठी फेरी मात्र एकाच तुकडीच्या किंवा एकाच हल्ल्याच्या मागे जाते, वाटेबाहेर गवतात शिरते, आणि तिथे रेंजर गृहीत धरतो की मीड उत्तरेचा सेनापती आणि ली दक्षिणेचा, एवढं तरी तुम्हाला ठाऊक आहे. वेळापत्रक दर वर्षी बदलतं. ते संकेतस्थळावर असतं आणि बाल्टिमोर पाइकवरच्या पर्यटक केंद्रात चौकशीच्या टेबलावरही मिळतं. सगळ्यांची होणारी चूक इथेच आहे: पुष्कळ फेऱ्या केंद्रापासून निघत नाहीत, त्या थेट एखाद्या स्मारकापाशी सुरू होतात. माणसं केंद्रात वाट बघत बसतात आणि फेरी तिकडे दोन मैलांवर निघूनही जाते. रेंजरकडे बहुधा ध्वनिक्षेपक नसतो, त्यामुळे वाऱ्याची दिशा बघून उभे राहा. वारा रेंजरकडून तुमच्याकडे येत असेल तर मागच्या रांगेतही शब्द न् शब्द ऐकू येतो.

एकच फेरी करायला वेळ असेल तर तिसऱ्या दिवशीच्या हल्ल्याची करा. दक्षिणेच्या पिकेट या सेनापतीच्या नावावरून पिकेट्स चार्ज म्हणून ओळखला जाणारा हा हल्ला ३ जुलैच्या दुपारी झाला. आधी तोफांचा प्रचंड मारा, मग दक्षिणेचं सुमारे १२,५०० पायदळ उघड्या रानातून समोरच्या टेकाडावर चालून गेलं. फेरी सुरू होते व्हर्जिनियाच्या स्मारकापाशी, जिथे वर ली घोड्यावर बसलेला आहे. समोर दीडेक किलोमीटरवर झाडांचा एक लहानसा पुंजका दिसतो, तिथे पोचायचं.

त्या काळच्या कवायतीत जलद चालीचा हिशेब मिनिटाला ११० पावलं, प्रत्येक पाऊल २८ इंचांचं. म्हणजे मिनिटाला ७८ मीटर, आणि सगळं अंतर वीस मिनिटांच्या आत. ऐकायला सोपं वाटतं. पहिली दोनशे-तीनशे पावलं गेली की समोरची दगडी भिंत दिसेनाशी होते. जमीन खाली उतरलेली असते, आणि हा उतार व्हर्जिनियाच्या स्मारकापासून अजिबात दिसत नाही. अशा लांबट खोलगट पट्ट्या या शेतात एकामागून एक आहेत. त्यांत उतरलं की समोरच्या काही तोफांपासून आडोसा मिळतो, वर आलं की पुन्हा उघडं. मात्र दक्षिण दिशेच्या लिटल राऊंड टॉप या टेकडीवरच्या उत्तरेच्या तोफांना हे सगळं रान बाजूने दिसत होतं. तिकडून येणारा गोळा रांगेला आडवा न लागता रांगेच्या लांबीतून जायचा.

मग एमिट्सबर्गचा रस्ता लागतो. तो शेतातून तिरका जातो आणि १८६३ साली त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांत अडकवलेल्या आडव्या फळ्यांचं भक्कम कुंपण होतं. पळत्या गर्दीत ते उपटणं शक्य नव्हतं, चढूनच पलीकडे जावं लागे. कुंपणावर चढलेला माणूस म्हणजे दोन-तीन सेकंद आकाशासमोर उभं असलेलं लक्ष्य. इथेच रांगा मोडल्या, आणि इथून पुढे तोफांमधून छर्ऱ्यांचे डबे सुटायला लागले: पत्र्याच्या डब्यात भरलेले लोखंडी गोळे, जे तोफेच्या तोंडातून बाहेर पडताच पसरतात. हल्ल्याच्या उत्तर अंगाला उत्तरेच्या सैन्याची ८ वी ओहायो पलटण आणि दक्षिण अंगाला त्याच सैन्याची व्हर्माँटची ब्रिगेड बाजूला वळली आणि दोन्ही बगलांवर गोळीबार सुरू झाला. भिंतीपर्यंत फार थोडे पोचले. भिंत म्हणजे कोकणातल्या गडग्यासारखी, दगडावर दगड रचलेली, जेमतेम मांडीपर्यंतची. ती ओलांडून आत शिरलेला ब्रिगेड-प्रमुख आर्मिस्टेड प्राणघातक जखमी झाला आणि दोन दिवसांनी गेला. पिकेटच्या तीन ब्रिगेड-प्रमुखांपैकी उरलेल्या दोघांतला गार्नेट जागीच ठार, केंपर गंभीर जखमी.

आजचा एमिट्सबर्ग रस्ता वाहता आहे. मोठ्या फेरीत रेंजर गाड्या थांबवून सगळ्यांना एकदम पार करतात, पण एकट्याने जाणाऱ्याने मोबाईल खिशात ठेवावा. आणि परतीचा विचार आधीच करा: गाडी व्हर्जिनियाच्या स्मारकापाशी असते आणि तुम्ही पलीकडच्या टोकाला. तेवढंच अंतर पुन्हा उन्हातून तुडवावं लागतं. दोन गाड्या असतील तर एक पलीकडे लावून ठेवा.

ऊन हलक्यात घेऊ नका. त्या ३ जुलैला दुपारी दोन वाजता गावातल्या महाविद्यालयातले प्राध्यापक मायकेल जेकब्स यांनी ८७ फॅरनहाइट तापमान नोंदवलं होतं, म्हणजे सुमारे ३१ अंश. नागपूरकर हसतील. पण इथल्या जुलैची हवा दमट असते, रानात सावली नसते, आणि प्रत्येक थांब्यावर पाणी मिळेल हे गृहीत धरता येत नाही. माणशी दीड लिटर पाणी बरोबर हवं. गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यातल्या काहींपासून लाइम रोग होतो, म्हणून पूर्ण पँट घालून तिची टोकं मोज्यांत खोचा. हास्यास्पद दिसतं, पण जाणकार तसंच करतात. संध्याकाळी गुडघ्यांमागे, कमरेशी आणि केसांत तपासून बघा. गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, वर तेल किंवा काडी नको. ढग गडगडले की रेंजर फेरी थांबवतो. अशा वेळी एकाकी झाडाखाली न जाता गाडीत बसावं.

दुसरी फेरी लिटल राऊंड टॉपची. सिंहगड चढलेल्याला हे टेकाडच वाटेल. ही टेकडी दुरुस्तीसाठी जवळजवळ दोन वर्षं बंद होती, जून २०२४ मध्ये नव्या वाटांसह उघडली. लोक वॉरन या उत्तरेच्या सेनापतीच्या पुतळ्यापर्यंत येतात, पश्चिमेचा देखावा टिपतात आणि परत फिरतात. लढाईच्या दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या चेंबरलेन या अधिकाऱ्याच्या, मेन राज्यातल्या २० व्या पलटणीने उत्तरेच्या फळीचं डावं टोक धरून ठेवलं, काडतुसं संपत आल्यावर संगिनी लावून उतारावरून खाली मुसंडी मारली, ती जागा दक्षिणेकडे खाली झाडीत आहे. तिथे देखावा नाही, म्हणून गर्दीही नाही.

तिथेच स्मारकं वाचायला शिका. पलटणीच्या मुख्य स्मारकाच्या दोन्ही अंगांना छोटे दगड असतात, डाव्या आणि उजव्या बगलेचे. एकापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेलं की रांग किती लांब होती ते पावलांनी मोजता येतं. साडेतीनशे माणसं दोन ओळींत उभी केली तर जेमतेम शंभर मीटर भरतात. स्मारकावरच्या खुणेवरून उत्तरेची कोअर, म्हणजे सैन्याचा मोठा विभाग, ओळखता येते: गोल चकती पहिली, त्रिदल दुसरी, पत्त्यांतली चौकट तिसरी, माल्टाचा क्रूस पाचवी, चंद्रकोर अकरावी, चांदणी बारावी. ब्रिगेडच्या फलकाचं जोतं चौकोनी असेल तर उत्तरेचा, गोल असेल तर दक्षिणेचा. उभी रोवलेली तोफ दिसली की तिथे सेनापतीचं ठाणं होतं. हिरवट तोफा काशाच्या, नेपोलियन नावाच्या जातीच्या, आणि काळ्या तोफा लोखंडाच्या. तोंडाच्या कडेवर वजन, साल आणि तपासनिसाची आद्याक्षरं कोरलेली असतात. तोफगाडे लाकडी वाटतात, पण ते ओतीव लोखंडाचे आहेत आणि दुपारी चटका देतात. चढायला तर मनाईच आहे.

घोड्याचा एक पाय वर असेल तर स्वार जखमी, दोन्ही वर तर ठार, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगेलच. इथल्या पुतळ्यांना ते बराच काळ लागूही पडत होतं. १९९८ मध्ये लीच्या हाताखालचा सेनापती लाँगस्ट्रीट याचा पुतळा बसला, घोड्याचा पाय वर, आणि हा गृहस्थ गेटिसबर्गला जखमी झालाच नव्हता.

१ ते ३ जुलैला लढाई ज्या वेळी झाली त्याच वेळी त्याच जागी फेऱ्या निघतात. गर्दी अफाट, त्यात ४ जुलैची सुट्टी, तेव्हा खोली महिनोन्‌महिने आधी घ्या. आणखी एक गैरसमज: गणवेश घालून लुटुपुटीची लढाई उद्यानात होत नाही, राष्ट्रीय उद्यान सेवेची तिला परवानगीच नाही. ती बाहेर खाजगी जागेत, वेगळ्या तिकिटावर. उद्यानात फक्त तोफ आणि बंदूक डागण्याची प्रात्यक्षिकं बघायला मिळतात, बहुधा शनिवार-रविवारी.

गर्दी नको असेल तर परवानाधारक मार्गदर्शक घ्या. १९१५ पासूनची ही पद्धत आहे, परीक्षा कठीण म्हणून प्रसिद्ध. पैसे घेऊन ते तुमच्याच गाडीत बसतात आणि अनेकदा गाडी स्वतः चालवतात. भाड्याची गाडी असेल तर दुसऱ्या चालकाला मुभा आहे का, ते आधी करारात बघा.

झाडांच्या पुंजक्यापासून उत्तरेला थोडं चाललं की एक छोटं पांढरं घर लागतं. ते एब्रहॅम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं. लीची फौज येतेय म्हटल्यावर तो बायकामुलांसह निघून गेला होता, कारण ही फौज पेनसिल्व्हेनियातल्या कृष्णवर्णीयांना धरून दक्षिणेत गुलाम म्हणून पाठवत होती. युद्ध कशासाठी चाललं होतं याचं रेंजरचं व्याख्यान असेल तर ते या घराजवळ उभं राहून ऐका.

संध्याकाळ राष्ट्रीय सैनिक दफनभूमीसाठी राखून ठेवा, गाडी टेनीटाउन रस्त्यावरच्या वाहनतळात लावा. लिंकनने १९ नोव्हेंबर १८६३ ला इथेच दोन-तीन मिनिटांचं भाषण केलं. त्याच्या आधी त्या काळचा नामांकित वक्ता एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलला होता. भाषणाच्या स्मारकापुढे सगळे फोटो काढतात, पण लिंकन उभा होता ती जागा ती नव्हे, रेंजर कुंपणापलीकडच्या एव्हरग्रीन दफनभूमीकडे बोट दाखवतात. इथे साडेतीन हजारांहून जास्त उत्तरी सैनिक राज्यवार अर्धवर्तुळात पुरलेले आहेत. त्यांतल्या ९७९ जणांची नावं कळली नाहीत. त्यांच्यासाठी संगमरवराचे वीतभर चौकोनी ठोकळे आहेत आणि प्रत्येकावर फक्त एक आकडा.