आहारविषयक बंधने

दुपारी जेवणं झाली, आई पेपर तोंडावर घेऊन आडवी झाली आणि मी लॅपटॉप उघडला. इटलीच्या सहलीचा तक्ता मी गेले दोन महिने भरते आहे. हिरवा रंग म्हणजे पैसे भरले. पिवळा म्हणजे भरायचे आहेत. लाल म्हणजे किती भरायचे ते नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी स्वयंपाकाच्या वर्गाचा फॉर्म भरायचा होता. माणसं किती, उतरलात कुठे, आणि सगळ्यात खाली ‘आहारविषयक बंधने’. ग्लूटेन, दूध, सुकामेवा, शाकाहारी, वीगन. टिकमार्क करायला पाच चौकोन.

सहज म्हणून कालनिर्णय उलटलं. वर्ग शुक्रवारी, आणि शुक्रवारी संकष्टी.

“आई, आपण इटलीत असू तेव्हा चतुर्थी येतेय.”

“येऊ दे की,” पेपरखालून आवाज आला. “तिला काय व्हिसा लागतो?”

दोन मिनिटांनी पेपर बाजूला झाला. “चंद्रोदय इथला धरायचा का तिथला गं?”

तक्त्यात चंद्रोदयाचा रकाना नव्हता. तो घातला.

इटलीची सहल आखणं म्हणजे व्रतवैकल्यं सांभाळण्यासारखंच आहे. तिथे प्रत्येक गोष्टीला वार आहे. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्यातला शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि फुकट, म्हणजे त्या दिवशी न गेलेलंच बरं. फ्लॉरेन्सचं उफिझी चित्रसंग्रहालय सोमवारी बंद. आपल्याकडे सोमवारी न्हाव्याचं दुकान बंद असतं, तिकडे बोत्तिचेल्लीची चित्रं. मिलानला लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ बघायला आधी वेळ घ्यावी लागते, आणि आत गेल्यावर मिळतात 15 मिनिटं. त्याला ते चित्र काढायला तीनेक वर्षं लागली होती. नवरा म्हणाला, “15 मिनिटांत तर मला चष्मा सापडत नाही.”

गाईड घ्यायचा की नाही, यावर मात्र मी आठवडाभर अडले होते. कारण बाबा. बाबांनी आयुष्यात कधी गाईडला पैसे दिले नाहीत. पण गाईड ऐकला नाही असं एकही ठिकाण नसेल. वेरूळला आम्ही कुणातरी दुसऱ्यांच्या गाईडपासून पाच हातांवर उभे असायचो. बाबा खांबाकडे बघताहेत असं दाखवायचे आणि कान तिकडे. तो घोळका पुढे सरकला की थोड्या वेळाने आम्ही सरकायचो, अगदीच संशय येऊ नये म्हणून मध्ये एकदा बुटाची नाडी बांधायची. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, आधी कळस आणि मग पाया, हे मला अशा उसन्या गाईडकडूनच कळलं. तेही अर्धवट, कारण ती मंडळी गुजराती होती आणि शेवटचं वाक्य त्यांच्या हसण्यात बुडालं. ते काय होतं, याची रुखरुख मला अजून आहे.

आता तसं जमत नाही. रोममध्ये गाईड हळू आवाजात छातीवरच्या माइकमध्ये बोलतो आणि त्याच्या माणसांच्या कानात ते पोहोचतं. पाच हातांवर उभं राहणाऱ्याला नुसते ओठ हलताना दिसतात. सिस्टीन चॅपेलमध्ये तर बोलायलाच बंदी. म्हणून गाईड लोक बाहेरच्या अंगणात फलकांसमोर उभं करून छताचा सगळा पाठ आधीच शिकवतात, आणि मग आत जाऊन आपण मान वर करून उजळणी करायची. आत शांतता राखा म्हणून रक्षक मोठ्याने ओरडत असतात म्हणे. मी गाईडचे पैसे भरले. ओळ हिरवी केली. बाबा असते तर म्हणाले असते, अंगणातल्या फलकाजवळ कुणी हटकणार आहे का?

वाईनची सहल नवऱ्याच्या वाटणीची. त्याला स्वतः गाडी चालवत फ्लॉरेन्सहून सिएनाकडे जायचं होतं, किआंतीच्या टेकड्यांमधून. मी त्याला दोन गोष्टी वाचून दाखवल्या. एक, गावाच्या जुन्या भागात परवानगी नसताना गाडी घातली की कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचा कागद कित्येक महिन्यांनी पुण्याच्या घरी येतो. दुसरी, चव घेऊन झाल्यावर गाडी चालवायची असेल तर वाईन गिळायची नसते, बादलीत थुंकायची असते. दुसरी ऐकून तो निमूटपणे व्हॅनच्या सहलीला तयार झाला. पैसे मोजून चूळ भरणं त्याच्या तत्त्वात बसत नाही.

आई वाईन पीत नाही. पण तिचं माहेर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे द्राक्षाची बाग म्हटल्यावर ती उठून बसली. छाटणी कधी करतात? मी वाचून सांगितलं, हिवाळ्यात, एकदाच. “एकदाच?” तिच्या आवाजात इतका अविश्वास होता की मलाच अपराधी वाटलं. तिच्या भावाच्या बागेत एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि मधले महिने आभाळाकडे बघायचं. तिकडे थंडीत वेल आपोआप झोपतो. आपल्याकडे त्याला झोपवणारी थंडीच नाही, म्हणून कात्रीने दोनदा जागं करावं लागतं. “मजा आहे त्यांची,” ती म्हणाली, आणि न पिणाऱ्याला तिकिटात सूट आहे का ते विचारायला लावलं. नाही. विचारलं मी.

किआंती क्लासिकोच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो. तो का, हेही तिला हवं होतं. गोष्ट अशी सांगतात की फ्लॉरेन्स आणि सिएना यांचा हद्दीवरून वाद होता. ठरलं की पहाटे कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल, आणि ते भेटतील ती हद्द. सिएनावाल्यांनी आपला पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून गुबगुबीत ठेवला. तो झोपून राहिला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला. तो उजाडायच्या कितीतरी आधी आरवला, आणि त्यांचा स्वार जवळजवळ सिएनाच्या वेशीपर्यंत जाऊन पोचला.

“बघ,” आई म्हणाली. “उपास कधी वाया जात नाही.”

स्वयंपाकाचा वर्ग आधी बोलोन्यात ठरवला होता. तिथल्या ताल्यातेल्लेची, म्हणजे पट्ट्यांच्या पास्त्याची, कृती 1972 साली व्यापारी मंडळात रीतसर नोंदवून ठेवली आहे. शिजल्यावर पट्टी 8 मिलिमीटर रुंद भरली पाहिजे. असल्या गावात शिकायला मला आवडलं असतं. पण 100 ग्रॅम पिठाला एक अंडं, हा तिथला हिशेब. आई अंड्याला हात लावत नाही. मग शोधत शोधत सिएनाकडची पिची सापडली. पीठ, पाणी, थोडं तेल. गोळा घ्यायचा आणि हाताखाली फिरवत जाड दोरीसारखी लांब वळी करायची. मी आईला त्याचा व्हिडिओ दाखवला. लॅपटॉपवर एक आजी ओट्याशी उभी राहून वळत होती, दोन्ही तळवे पुढेमागे, अजिबात न बघता.

आईने चष्मा पुसला. “हे बोटव्यांचं थोरलं भावंड दिसतंय.”

धाकट्या आत्याचं लग्न ठरलं त्या वैशाखात आमच्या माजघरात वळवट चाललं होतं. मी सात-आठ वर्षांची. बायका भिंतीला टेकून, पाय पसरून, समोर पालथी सुपं. गव्हले चिमटीतून पडत, एकसारखे, गव्हाच्या दाण्याएवढे. नखुल्या नखाने दाबून. फणोल्यांसाठी नवी कोरी फणी आणलेली असायची, तिच्यावर पिठाची गोळी दाबून वळवली की रेघा उठायच्या. (रोमान्यात गार्गानेल्ली नावाचा पास्ता आहे, तोही फणीसारख्या दातेरी फळीवर वळतात. ते वाचल्यावर मी खुर्चीवरून उठून घरात एक फेरी मारली. सांगायला घरात कोणी नव्हतं.) माझे गव्हले जाडेभरडे व्हायचे. एक काकू ते वेचून काढायची आणि वेगळ्या वाटीत टाकायची. ती वाटी काठोकाठ भरली, आणि लग्नाच्या खिरीत ती नव्हती. कुठे गेली ते मी कधी विचारलं नाही. आता चार माणसांचे युरोत पैसे भरून मी पुन्हा तेच करायला निघाले आहे, आणि या खेपेला माझं वळलेलं मला खाऊ घालणं त्यांना भाग आहे.

“शुक्रवारी मी नुसती वळेन,” आई म्हणाली. “खायचं तुम्ही.”

राहिलं पार्म्याजवळचं चीज. पहाटे उठून जायचं, कारण काम सकाळीच चालतं. तांब्याचे हंडे, चाळीसेक किलोची चक्रं, एका चक्राला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध, आणि निदान 12 महिने फळीवर. आईला या सगळ्यात हेच सर्वांत जास्त बघायचं आहे. जिने जन्मभर दूध तापवलं, विरजलं, घुसळलं, तिला ते बघायचं नाही तर कोणी बघायचं? पार्मिजानो रेज्जानोत नियमाने तीनच गोष्टी असतात. दूध, मीठ आणि रेनेट. रेनेट म्हणजे वासराच्या जठरातून काढलेला अर्क. हे मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे. ती ओळ तेव्हापासून पिवळी आहे.

“त्या चीजमध्ये काय काय असतं गं?” आईने पेपरची घडी घालता घालता विचारलं.

“दूध,” मी म्हणाले. “मीठ.”

“आणि विरजण?”

मी तक्ता खालीवर केला. “आदल्या दिवशीच्या चीजचं निथळलेलं पाणी राखून ठेवतात. तेच दुसऱ्या दिवशी घालतात.”

हे खरं आहे. अगदी असंच करतात.

“म्हणजे आपल्यासारखंच,” आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

मी ओळ हिरवी केली.