घरात सर्व्हर ठेवलाय, बाहेरनं कुणी घुसत नाही काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. टिळकवाडीत, खानापूरला पाहुण्यांकडं, निपाणीच्या लग्नात पंगतीत, सगळीकडं हाच प्रश्न येतो: "फोटो घरच्याच कॉम्प्युटरवर ठेवतोस म्हणे, मग मुलगी पुण्यातनं बघते कशी, आणि तिला दिसतात तर चोराला दिसत नाहीत काय?" प्रश्न बरोबर आहे की. व्हिडिओ बघून एका रविवारी सर्व्हर उभा करणारे हा प्रश्न विचारतच नाहीत, मला भीती त्यांची वाटते.

सर्व्हर म्हणजे फार काही नाही, जुना लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ चालत नाही म्हणून चांगले धडधाकट लॅपटॉप अडगळीत गेले, त्यातल्याच एकावर डेबियन (विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स) टाकलं, फोटोंना इमिच, पिक्चरला जेलीफिन, झालं. करंट गेला तर लॅपटॉपची बॅटरी सांभाळते, फक्त राऊटरला वेगळा छोटा यूपीएस लावा (आणि बॅटरी फुगली तर लगेच काढा, ते लाड करू नका). गूगल फोटोजचं फुकट अमर्याद प्रकरण १ जून २०२१ पासून बंद झालं, सगळं १५ जीबीत मोजायला लागले, तेव्हापासून हे खूळ बऱ्याच जणांना लागलंय.

आता घुसण्याचं. माझ्या राऊटरवर बाहेरून आत येणारा एकही पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरनं आत यायचं दार, उघडा नाही, उत्तर एवढंच. पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे राऊटरवरचं दार उघडून आतल्या यंत्राला जोडलं, की तो शोधायला कुणी माणूस लागत नाही, बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, दिवसरात्र अख्खं इंटरनेट चाळत असतात आणि लॉगिनचं पान दिसलं की पासवर्ड मारून बघायला लागतात. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाचं रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं, क्यूनॅप कंपनीचे घरातले स्टोरेज बॉक्स जे थेट इंटरनेटवर उघडे होते ते त्यानं कुलूपबंद केले आणि प्रत्येकाकडं ०.०३ बिटकॉइन मागितले. त्यात कितीतरी जणांना आपला बॉक्स बाहेर दिसतोय हेच माहीत नसणार, कारण राऊटरमधली यूपीएनपी नावाची सोय चालू असलं की आतलं यंत्र राऊटरला सांगून आपणच पोर्ट उघडून घेतं, तुम्हाला विचारतसुद्धा नाही.

आपल्याकडं केबलवाल्याच्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा सीजीनॅट असतं, म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागं कितीतरी घरं, त्यामुळं पोर्ट फॉरवर्ड चालतच नाही. मग पोरं चिडून पैसे भरून स्टॅटिक आयपी (आपला एकट्याचा, न बदलणारा पत्ता) घेतात. कशाला? मुलीच्या फोनवर टेलस्केल, म्हणजे आपल्याच यंत्रांना आपसात जोडणारं खाजगी नेटवर्क (व्हीपीएन), आहे, लॅपटॉपवरही आहे, दोघंही आतनं बाहेर जाऊन एकमेकांना गाठतात आणि मधलं सगळं एन्क्रिप्टेड. त्याच्या खाली वायरगार्ड हे एन्क्रिप्शनचं तंत्र आहे, ते २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, येतं आणि त्याची गंमत अशी की ज्याच्याकडं चावी नाही त्याला ते उत्तरच देत नाही, स्कॅन करणाऱ्याला तिथं काही आहे हेही कळत नाही. टेलस्केलच्या कंपनीला तुमची यंत्रं कुठली ते कळतं, आतलं काही वाचता येत नाही, मला तेवढं चालतं, ज्याला चालत नाही त्यानं हेडस्केल बघावं, कंपनीच्या सर्व्हरऐवजी ते आपणच चालवायचं.

पण पोर्ट बंद म्हणून अपडेट सोडून चालत नाही. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीचं २०२२ चं प्रकरण बघा की, त्यांच्या एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्लेक्सची जुनी आवृत्ती होती, त्यातलं भोक मे २०२० मध्येच बुजवलेलं, ह्यानं अपडेट केलंच नव्हतं. तिथनं हल्लेखोरानं कीलॉगर (दाबलेली प्रत्येक की टिपणारं सॉफ्टवेअर) बसवला, मास्टर पासवर्ड उचलला आणि गिऱ्हाइकांच्या व्हॉल्टच्या, म्हणजे पासवर्डांच्या तिजोरीच्या, बॅकअपपर्यंत पोचला. पिक्चर बघायच्या सॉफ्टवेअरमधनं! म्हणून डेबियनचे सिक्युरिटी अपडेट माझ्याकडं आपोआप बसतात, इमिचचे मात्र मी रिलीज नोट वाचूनच हातानं करतो, त्यात कधीकधी चालू सेटअप मोडणारे बदल असतात.

चोरापेक्षा आमच्याकडं वळवाची वीज जास्त खरी. एकदा कडाडली की लॅनच्या वायरीतनं सुद्धा यंत्र जातं, म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावात पाहिजे. माझी कोल्हापूरला बहिणीकडं डिस्कवर जाते, रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरनं, एन्क्रिप्ट होऊनच, त्यामुळं भाच्यानं डिस्क उघडली तरी त्याला काही दिसणार नाही. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर बँकेच्या लॉकरात आहे, तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा.

ईमेल मी घरी ठेवत नाही, घरच्या आयपीवरनं पाठवलेली मेल निम्म्या ठिकाणी स्पॅममध्ये पडते, नको तो ताप. पासवर्डही घरच्या सर्व्हरवर ठेवत नाही. लॅपटॉप बंद पडला आणि त्याच दिवशी मुलीला फी भरायची असली तर?

सुरुवात करायची असेल तर आधी राऊटरच्या पानावर जाऊन वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा, १००.६४ ते १००.१२७ मधला कुठला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागं आहात. आणि त्याच पानावर यूपीएनपी चालू असेल तर आजच बंद करा, सर्व्हर नंतर.