रम पंच, तिसरी बॅच: लादीचं गणित जमलं

मंडळी, कॅरिबियनमधल्या बार्बेडोस बेटाच्या रम पंचची, म्हणजे रम, लिंबू, साखर आणि पाण्याच्या पेयाची, ही पुढची नोंद. आधीच्या दोन बॅच मनासारख्या जमल्या नव्हत्या. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी आमच्या मागच्या अंगणात वीस माणसं जमली आणि पाच लिटर पंचचं काचेचं भांडं तळापर्यंत संपलं. दिवस ठरवला तो शेजारच्या आजींनी. आजी बार्बेडोसच्या राजधानीतल्या, ब्रिजटाउनच्या. त्यांच्याकडचा ऊसतोडणी संपल्याचा सण, क्रॉप ओव्हर, त्या सोमवारच्या मोठ्या मिरवणुकीने संपतो. इथे टोरोंटोतही तो दिवस सुट्टीचा, त्यामुळे दुसरा दिवस शोधायचा प्रश्नच नव्हता.

प्रमाण तुम्हाला माहीत आहेच: एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. वरून बिटर्सचे, म्हणजे मसाल्यांच्या कडू अर्काचे, थेंब आणि जायफळ. ७५० मिलीची एक बाटली म्हणजे 'तीन' धरला की सगळं आपोआप बसतं. लिंबाचा रस २५० मिली, पाक ५०० मिली, पाणी आणि बर्फ मिळून एक लिटर. एकूण अडीच लिटर, आणि ४० टक्क्यांची रम असेल तर तयार पंच १२ टक्क्यांचं, म्हणजे साधारण वाइनइतकं. या वेळी सगळं दुप्पट केलं.

पहिली बॅच का फसली ते आता नीट कळलंय. रस आदल्या रात्री काढून ठेवला होता. आजींनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "लिंबं कालची का?" बाकी एक शब्द बोलल्या नाहीत. आता लिंबं त्याच दिवशी सकाळी पिळतो. इथली मोठी, बिनबियांची लिंबं एका लिंबाला २५ ते ३० मिली रस देतात, म्हणून ५०० मिलीला वीस लिंबं आणली. भारतात करणाऱ्यांनो, आपलं कागदी लिंबू लहान असतं आणि जास्त आंबटही. संख्या दुपटीहून जास्त धरा आणि रस थोडा थोडा घालत चाखत जा. पाकातही चूक होती. मी दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घेतलं होतं. त्या दाट पाकाचे दोन भाग घातले की दुसरं काही लागतच नाही. समान साखर, समान पाणी, सरबताला करतो तसा पातळ पाक हवा. साखर ब्राउन घ्या, रमच्या काकवीसारख्या वासाशी ती जुळते.

दुसऱ्या बॅचला जमैकाची ६३ टक्क्यांची पांढरी रम वापरली. पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा, अननसाचा तो वास मला मनापासून आवडतो. जमैकात मळी बरेच दिवस आंबवतात आणि पॉट स्टिलमधून, म्हणजे हंड्यासारख्या जुन्या पद्धतीच्या भट्टीतून काढतात, त्यातून तो येतो. पण त्याच प्रमाणात ती घातली की पंच १९ टक्क्यांच्या जवळ जातं, आणि लिंबू-साखरेमुळे जिभेला ते कळत नाही. हे पाहुण्यांच्या बाबतीत बरोबर नाही. म्हणून तिसऱ्या वेळी बार्बेडोसची सोनेरी रम घेतली, पॉट आणि कॉलम (उंच नळकांड्याची भट्टी) दोन्ही स्टिलची मिळून केलेली, आणि जमैकाची फक्त १०० मिली, वासापुरती. तेवढी पुरते.

आता मुख्य गोष्ट. 'चार पातळ' या चारात बर्फ धरायचा आहे. मी दोन्ही वेळा पाण्याचे चार भाग पूर्ण घालून वर बर्फ टाकत होतो, आणि तासाभरात पंच पाणचट. या वेळी वजनकाटा घेऊन बसलो. अडीच लिटरचं पंच खोलीच्या तापमानाला असेल तर ते थंड करण्यातच अर्धा किलोच्या आसपास बर्फ वितळतो, कोणी पहिला पेला उचलण्याआधी. मग सोपं केलं. सकाळी रस, पाक, रम आणि बिटर्स एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवलं. दोन लिटर पाण्यातलं १२०० मिलीच घातलं, तेही गार. उरलेलं ८०० मिली म्हणजे बर्फ. केकच्या खोल भांड्यात दीड किलोची एकच लादी गोठवली. चुरा किंवा खडे नकोत, लादीचा पृष्ठभाग कमी म्हणून ती हळू वितळते. सावलीत दोन तासांनी लादी बाहेर काढून वजन केलं तर ७५० ग्रॅम कमी झालेली. पहिला पेला थोडा कडक, शेवटचा थोडा सौम्य, पण दोन्ही पंचच. मला याहून जास्त काही नको होतं.

बिटर्स त्रिनिदादचं अंगोस्तुरा. ते मात्र सरळ गुणाकाराने घालू नका. पेल्याला दोन झटके म्हणून तीस पेल्यांना साठ, असं केलं तर लवंगेची कडवट चव सगळ्यावर बसते. मी चार चमचे घातले, चाखलं, आणि थांबलो.

जायफळ आजींनी स्वतः किसलं. ग्रेनाडाचं, त्या देशाच्या झेंड्यावरही जायफळ आहे. मी आधी भांड्यातच पूड घालत होतो. ती ओली होऊन कडेला चिकटते आणि वास मरतो. आजी ओगराळ्याने पेला भरायच्या, मग बारीक किसणीवर जायफळ दोनदाच ओढायच्या. तपकिरी कण लादीच्या गार पाण्यावर तरंगतात आणि ओठ लागायच्या आधी नाक पोचतं. बायकोने वास घेतला आणि म्हणाली, "श्रीखंड." अगदी तोच.

'पंच' हा शब्द आपल्या पाचावरून आला असं बहुतेक मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. सतराव्या शतकात इंग्रज खलाशी आपल्या किनाऱ्यावर ताडामाडाच्या अरकाचं असं पेय पीत होते, आणि गोव्याचा अरक पुढे इंग्लंडात नावाजला गेला. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पाच बोटं वर करून एकेक जिन्नस मोजला.

मुलांसाठी आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी दुसरं भांडं होतं. त्यात सॉरेल, म्हणजे लाल अंबाडीची सुकी बोंडं आलं-लवंगेबरोबर उकळून रात्रभर भिजवलेली. कॅरिबियनमध्ये ते नाताळचं पेय. ज्यांनी लहानपणी अंबाडीचं सरबत प्यायलंय त्यांना एका घोटात ओळखू येईल. हे भांडं पंचच्या आधी संपलं, पुढच्या वेळी तीन लिटर करावं लागेल.

आता फॅलर्नमकडे वळतोय. बार्बेडोसचंच, लिंबाची साल, आलं, लवंग आणि बदाम घातलेलं सिरप. 'दोन गोड'मधला पाव भाग त्याचा घालून बघायचाय. सालं आज सकाळी रममध्ये भिजत घातली आहेत, पांढरा भाग अजिबात न येऊ देता. उद्या संध्याकाळी गाळेन.