बेडकाचे डोळे वाजतात

काल रात्री थंडी वाजून ताप, तोंडात गोडसर धातूची चव. फ्लू वगैरे नाही, चूक माझीच. मुलांना खेळायला भंगारातून एक बेडूक केलाय, त्याच्या आधाराला जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपचा तुकडा वेल्डिंगने जोडला आणि वरचा जस्ताचा थर घासून काढायचा कंटाळा केला. जस्त ९०७ डिग्रीलाच उकळतं, लोखंड वितळायला १५०० च्या वर लागतं, म्हणजे जोड बसायच्या आधीच पांढरा धूर नाकात. इतकी वर्षं वेल्डिंग करतोय आणि तरी हे. दुपारी ताप उतरला, म्हटलं लिहून ठेवू, पुढच्या वेळी लाज तरी वाटेल.

बेडूक मात्र झक्कास झालाय. पोट म्हणजे जुन्या मोटरसायकलची टाकी (आधी पाणी भरून घेतलं मग रॉड लावला, रिकामी दिसणारी टाकीच जास्त घातकी, आत पेट्रोलची वाफ असते), मागचे पाय शॉकअपच्या स्प्रिंगांचे, पंजे म्हणजे नट आवळायचे पाने, प्रत्येक पायाला तीन, बोटं फाकवल्यासारखे. आणि डोळे सायकलच्या घंटा. चालू घंटा, अंगठ्याने दाबली की ट्रिंग.

खरं तर तो उड्या मारणार होता. बसलं की स्प्रिंग दबेल, वर येईल, मुलं खूश. पण दबणाऱ्या स्प्रिंगच्या वेढ्यात बोट सापडलं की संपलं, म्हणून आतून नळी घालून दोन्ही पाय गप्प केले. फार जिवावर आलं तेव्हा. लोकांना वाटतं या कामात कल्पना महत्त्वाची, कल्पना दहा मिनिटांत येते हो, उरलेले दिवस फ्लॅप डिस्क (घासायची चकती) घेऊन कडा मारण्यात जातात. कापलेल्या पत्र्याची प्रत्येक कड, वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यावरचा दाणा, आणि शेवटी ग्लोव्ह काढून डोळे मिटून हात फिरवायचा, कुठे टोचतंय बघायला. शिवाय फटी. खेळाच्या साधनांचे जे सेफ्टीचे नियम असतात त्यात ८९ ते २३० मिलिमीटरची फट टाळायला सांगतात, कारण मूल पाय आधी घालतं, अंग सरकून जातं आणि डोकं अडकतं. पोटाखाली नेमकी १२० ची फट निघाली. चेनचं चक्कर लावून बुजवली, आता ती बेंबी आहे.

पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंतून बैलाचं डोकं केलं. दोन! माझ्या बेडकाला चाळीसच्या वर लागल्या, त्यामुळे जास्त बोलत नाही. पण त्याचं पुढे ब्रॉन्झमध्ये ओतकाम झालं ते मला तितकंसं रुचत नाही, चामड्याची सीट ती सीट. भंगारातली वस्तू आपलं आधीचं काम विसरली नाही की खरी मजा येते. नेकचंद यांचं काम म्हणून जवळचं वाटतं, रस्ते खात्यात नोकरी, १९५७ पासून चंडीगडच्या जंगलात सरकारी जागेवर गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या, टाइल्स जमवून माणसं आणि प्राणी बनवत बसले, सरकारला पत्ता लागेपर्यंत पुष्कळ वर्षं गेली. आज त्या रॉक गार्डनमधल्या बांगड्या बांगड्याच दिसतात आणि तरी साडी नेसलेली बाई दिसते. ते जमायला पाहिजे मला.

बरं, तर संध्याकाळी बेडूक बघायला गेलो. एक पिल्लू, तीनेक वर्षांचं, घंटा वाजवून पळत जायचं, लांब जाऊन थांबायचं, बेडूक मागे येतोय का बघायचं, परत येऊन दुसरा डोळा वाजवायचं. हे माझ्या डोक्यात अजिबात नव्हतं, मी मुलं वर बसतील एवढंच धरून चाललो होतो. एक आजोबा पंजातल्या पान्यांवरचे नंबर वाकून वाचत होते, बारा-तेरा, चौदा-पंधरा, आणि नातवाला सांगत होते कुठला कशाला लागतो.

आणि या सगळ्याच्या बरोब्बर शेजारी, ज्यांनी बेडूक बसवून घेतला त्यांनीच उभारलेला बोर्ड. शिल्पास हात लावू नये. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. दोन महिने मी हात लावण्यासाठी कडा घासतोय आणि हे! फोन करून भांडणार होतो, पण त्या पिल्लाच्या आईने आपली पिशवी बोर्डाला अडकवली होती, त्याचा तेवढा तरी उपयोग चाललाय म्हणून गप्प बसलो.

तसा जवळ जाऊन बोर्ड टिचकी मारून पाहिला. पत्रा चांगल्या जाडीचा आहे. एक कासव आरामात निघेल.