धोलावीरा, काळो डुंगर आणि धोरडो, एका दिवसात!

बडोद्यात टूर मॅनेजरचं काम करतो, ग्रुप बहुतेक आपलेच, दांडिया बाजारकडचे मराठी सीनियर लोक. परवाची कच्छ टूर डोक्यातून जात नाहीये.

ऑफिसचा कागद असा: सकाळी भचाऊहून धोलावीरा, मग रणातल्या रस्त्याने खावडा, काळो डुंगरवर दत्तदर्शन आणि सनसेटला धोरडोचं पांढरं रण. मॅपवर खावडा-धोरडो शेजारीच वाटतात, पण रस्ता खाली भिरंडियारापर्यंत येतो आणि तिथून परत वर जातो. एसीत बसून कागद करणाऱ्यांना हे कोण सांगणार.

धोलावीरा खडीर बेटावरचं छोटंसं गाव, भोवती रण, पावसाळ्यात पाणी, नंतर मीठ. इथलं हडप्पाकालीन शहर, म्हणजे त्याचे अवशेष, 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. तरी अर्धे पॅक्स (टूरवरचे प्रवासी) 'नुसते दगड' म्हणून गाडीकडे वळतात, म्हणून मी आधी पूर्वेकडच्या तलावावरच नेतो. सत्तर मीटरच्या वर लांब, पायऱ्या पार तळापर्यंत, चार हजार वर्षांहून जुना, आणि पाणी कुठलं तर मनसर-मनहर या फक्त पावसात वाहणाऱ्या दोन ओढ्यांचं, बांध घालून वळवलेलं. सिंचन खात्यातून रिटायर झालेले एक काका तिथून हलेचनात, उतार बघत बसले.

जेवण गावातच सांगितलेलं. पानं मांडली आणि ऑफिसचा फोन, पॅक करून घ्या नि निघा. बाजरीचा रोटला पॅक करून कोण खातं हो? घरमालक म्हणाले, "जम्या वगर केम जवाय?" (जेवल्याशिवाय कसं जायचं?) मग हळूच म्हणाले, पूर्वी लोक रात्र काढायचे, खावड्याचा रस्ता झाल्यापासून दोन तासात सगळे पुढे पळतात. मी सगळ्यांना बसवलं, गरम रोटले, वांग्याची भाजी, ताक. याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

खावड्याला पोचलो साडेचारला. आता एकच काहीतरी होणार. ऑफिस म्हणतं धोरडो, मी पॅक्सना विचारलं, तर सगळे धोरडो, फोटो काढायचे होते ना! फक्त एक आजी काळो डुंगर म्हणाल्या. आरतीनंतर दत्ताचा प्रसाद खायला कोल्हे येतात हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं, घरून नारळ घेऊन आलेल्या. मतदानात दत्त हरला. आजी काही बोलल्या नाहीत, नारळ पिशवीत परत ठेवला.

आणि धोरडोला परमिट तपासणी, पार्किंग, गर्दी, आम्ही रणात पाय ठेवेपर्यंत सूर्य गेलेला. आता तक्रार अशी की जेवणात वेळ घालवला, माझ्या पैशातून कापले. आजींची तक्रार नाहीच, तीच जास्त लागते.

ऑफिसला लिहून दिलंय, काळो डुंगर वेगळ्या दिवशी टाका आणि धोलावीऱ्यात एक रात्र ठेवा. पुढच्या टूरचा कागद काल आला. तोच आहे, वर भिरंडियाराला मावा खायचा स्टॉप वाढवलाय.